पिलाच्या पोटाची फाउंडेशन बॅच

कुणाच्या पोटात काय आणि किती जावं, हे ज्याचं पोट आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळतं, या एका तत्त्वावर आपली कुटुंबसंस्था उभी आहे. जेवणाऱ्याला आपली भूक फक्त आतून जाणवते, त्यामुळे त्याचं मत एकांगी असतं. वाढणाऱ्याला ती समोरून दिसते, बाजूनं दिसते, शिवाय शेजारच्या पोराशी ताडून बघता येते. म्हणून त्याचं मत शास्त्रीय. (जेवणाऱ्यानं 'पुरे' म्हणणं ही माहिती नसून विनय असतो, याबद्दल आपल्याकडं दुमत नाही.)

अहमदपूरचे उमाशंकर हलकुडे सर हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष. नोकरी जीवशास्त्राच्या शिक्षकाची. आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडात त्यांनी इतकी पोरं डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवली, की वैशाखात त्या पत्र्याखाली बसणं हीच डॉक्टरकीची पूर्वपरीक्षा आहे असं पालक मानू लागले. सर नुसतं शिकवत नसत. कोणतं पोर काय खातं, किती खातं, कधी झोपतं आणि मुळात का झोपतं, याचीही ते चौकशी करत. पुढं गुडघे जिना चढेनात, तेव्हा क्लास बंद झाला. शेडातला फळा खाली ओसरीवर आला, खडूचा डबा आला, पितळी घंटा आली. आता ओसरीवर सगळी साधनं सज्ज होती. फक्त ज्याच्यावर ती वापरायची असा जीव घरात उरला नव्हता. (शिवकांताबाई होत्या, पण त्या सरांच्या घंटेला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून दाद देत नव्हत्या.)

सरांना एकच मुलगी, मंजुश्री. तिच्याबद्दल सर चारचौघांत जपून बोलत. ती डॉक्टर झाली होती, पण जनावरांची. "थोडक्यात हुकलं," असं सर म्हणत, आणि ऐकणारा त्यांचा हात हातात घेई. मंजुश्री अर्धापूरच्या बाजूला म्हशी, शेळ्या आणि बैलांना बरं करत होती आणि आनंदात होती. पण म्हशीचे नातेवाईक पेढे घेऊन सत्काराला येत नसल्यामुळं तिच्या निकालाला म्हणावी तशी प्रसिद्धी मिळाली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर ही मंजुश्री एक खोकं घेऊन घरी आली. खोक्यात कुत्र्याचं पिलू होतं. केळीच्या एका गोदामामागं सापडलेलं, दोन महिन्यांचं, भाकरीच्या रंगाचं, आणि कान कोणत्या दिशेला ठेवायचे याचा निर्णय अजून न झालेलं.

"अप्पा, हे तीन आठवडे तुमच्याकडं ठेवते," ती म्हणाली. "माझी लसीकरणाची मोहीम चालू हाय, दिवसभर शेताशेतानं फिरावं लागतं. मी आल्यावर बघते. तब्येत नीट राहिली तर इथंच राहू द्या तुम्हाला सोबत म्हणून. न्हाई राहिली तर मी परत घेऊन जाते."

"न्हाई राहिली म्हंजे?" शिवकांताबाईंनी पिलू केव्हाच पदरात घेतलं होतं. "तुला वाढवलं का न्हाई आमी?"

"म्हणून तर म्हणायले, आई."

स्टँडवर एस.टी.च्या पायरीवर उभी राहून तिनं सरांना आहार सांगितला. "दिवसातनं चार वेळा, थोडं थोडं. मऊ भात, उकडलेलं अंडं. दूध, गोड, तिखट, कांदा काही नको. त्यानं तोंड फिरवलं की वाटी उचलायची."

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच."

आणि गाडी गेली.

सरांची घोर निराशा झाली. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत जे सांगून संपतं, ते ज्ञान कसलं? आपल्या लातूर जिल्ह्यात ज्ञान हे दोन वर्षांचं असतं, होस्टेलसह. त्याला फाउंडेशन असतं, टेस्ट सिरीज असते, आणि जमलं नाही तर रिपीटर बॅच असते. मुलगी या विषयातली पदवीधर होती हे सरांना मान्य होतं. पण बेडकाचं पोट तिला सरांनीच फळ्यावर काढून शिकवलं होतं. तेव्हा पोटाच्या बाबतीत सेवाज्येष्ठता सरांकडं होती.

त्याच संध्याकाळी पिलाचा प्रवेश निश्चित झाला. शिवकांताबाईंनी त्याचं नाव 'बाळ्या' ठेवलं. सरांनी 'रँकर' ठेवलं. पिलू दोन्ही नावांना धावत येई. (खरं म्हणजे ते वाटीच्या आवाजाला येई, पण नाव ठेवणाऱ्याला हे सांगू नये.) मग सरांनी फळा पुसला आणि वळणदार अक्षरात वेळापत्रक लिहिलं. ते पुढीलप्रमाणे:

पहाटेचं सत्र: भिजवलेले बदाम वाटून कोमट दुधात, वर चमचाभर तूप. बुद्धीसाठी.

सकाळचं सत्र: ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. हा पाया. (ज्यांचा भाकरीचा पाया कच्चा राहतो, ती पिलं पुढं बिस्किटावर जातात.)

मधली सुट्टी: केळं. विद्यार्थी अर्धापूरकडचा असल्यामुळं निदान एक विषय मातृभाषेतून.

दुपारचं सत्र: वरणभात, तूप.

शंकानिरसन: ही सरांची स्वतःची भर. सर जेवायला बसले की रँकर समोर येऊन ताटाकडं एकटक बघे. त्याला शंका आहे हे स्पष्टच होतं. सर ती तिथल्या तिथं दूर करत.

संध्याकाळी दुपारच्या भागाची उजळणी, आणि निजायच्या आधी शेंगाच्या पोळीचा तुकडा, 'स्वाध्याय' म्हणून. प्रत्येक सत्राआधी घंटा. उलटी झाल्यास निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे जेवढं बाहेर आलं तेवढं पुन्हा आत.

मंजुश्रीनं सांगितलेला मऊ भात सरांनी अभ्यासक्रमातून वगळला नाही. तो 'अवांतर वाचन' या सदरात ठेवला.

अंड्याचा प्रश्न मात्र नाजूक होता. रोज लिंगपूजा होणारं घर. त्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या अंड्याचं नावही निघालं नव्हतं. तोडगा शिवकांताबाईंनी काढला. अंडं उंबऱ्याच्या आत आलं तर ते अंडं. फाटकाबाहेर असेल तर ते औषध. धुण्याभांड्याला येणाऱ्या सरजाबाईनं ते आपल्या घरून उकडून आणावं, फाटकाबाहेर पिलाला द्यावं, हात धुवावेत आणि मग आत यावं. बोलताना त्याला 'पांढरं औषध' म्हणावं.

"सरजाबाई, औषध आणलंस का बाळ्याचं?"

"आनलंय की. दोन आनले हुते. एक तिकट-मीठ लावून मीच घेतलं."

"तुला कशाला औषध?"

"मला बी तेच दुकनं हाय, वैनी. भूक लागतीया."

एक मात्रा पुरत नाही असं वाटून शिवकांताबाईंनी सरजाबाईला गुपचूप दोन करायला सांगितल्या. तसंच वाटून सर पहाटे फिरायला जाताना नाक्यावरच्या गाडीवरून एक सोललेली मात्रा कानटोपीत लपवून आणू लागले. नवरा-बायकोनं एकमेकांपासून काही लपवण्याची त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ होती, आणि दोघांनाही ती बरीच तरुण करून गेली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग भिंतीपलीकडून हणमंतराव बोलले.

हणमंतरावांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. त्यांनी हैदराबादहून लॅब्राडोर जातीचं पिलू आणलं होतं, नाव सीझर. वय रँकरएवढंच. एवढं एक साम्य सोडलं तर दोघांत कुत्रेपणापलीकडं काही समान नव्हतं. पण वय सारखं असलं की तुलना आपोआप होते. त्यासाठी वेगळी समिती नेमावी लागत नाही.

"सर, किती भरलं तुमचं?" हणमंतरावांनी विचारलं.

"काय किती?"

"वजन वो. आमचं लई झपाट्यानं वाढून राहिलंय. रविवारी काट्यावर घेतो म्हंतो. तुमचं बी आना. मोंढा बंद असतोय, काटा खालीच पडलेला."

सरांना हयातभर असे आकडे तोंडपाठ असत. कुणी 'किती' म्हटलं आणि त्यांच्याकडं उत्तर नाही, हा प्रसंग नवा होता. "वाढतंय," एवढंच ते म्हणाले, आणि घरात येऊन दोनदा घंटा वाजवली.

रविवारी सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावर दोन्ही उमेदवार आळीपाळीनं बसवण्यात आले. सीझर चढला तसा काट्याचा आकडा आदरानं वर गेला. रँकर चढला तेव्हा काट्यानं आधी दखलच घेतली नाही. तो पोत्यांसाठी केलेला. लहान जीव त्याला दिसत नसत. मग दोन बोटांनी काट्याला जरा समजावल्यावर त्यानं एक आकडा दाखवला. तो इथं देण्यासारखा नाही.

हणमंतरावांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नगा, सर. पहिल्या टेस्टला हुतं असं."

हे वाक्य सरांनी आयुष्यभर पालकांना ऐकवलं होतं. ते ऐकायच्या बाजूनं कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"अवो, ते विलायती कुत्रं हाय," शिवकांताबाई म्हणाल्या. "आपलं गोदामामागचं. बापाचा तर पत्ताच न्हाई."

"परीक्षा सगळ्यांना एकच असते," सर म्हणाले. "तिथं बापाचं नाव विचारत नाहीत."

त्या दिवसापासून जादा तास सुरू झाले. दोन सत्रांच्या मध्ये जी मोकळी जागा होती, जिच्यात पिलू पूर्वी झोपत असे, ती भरून काढण्यात आली. सरांचा रँकर मागं पडलाय ही बातमी गल्लीत पसरली, आणि गल्लीनं पाहुणे प्राध्यापक पुरवले. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला मलप्पा रोज दुधाची साय घेऊन येई, सणावाराला पेढा. (मलप्पाच्या मते पेढा ज्या दिवशी केला तो सणच.) समोरच्या घरातून गव्हाची गोड हुग्गी येई, मागच्या घरातून चुरमुऱ्यांचा सुशीला. याबाबत एक पाहणीही झाली. (पाहणी शिवकांताबाईंनी कट्ट्यावर बसून केली.) तिचे निष्कर्ष असे: पिलाला खायला घालणाऱ्या प्रत्येकाची खात्री होती की आपल्याशिवाय त्याला कुणी विचारत नाही, आणि सगळ्यांचं एकमत होतं की लेकरू हडकलंय.

लेकराची स्थिती वेगळी होती. त्याचं पोट आता त्याच्या पुढं चालत असे आणि पाय मागून जमेल तसे येत. बसलं की ते घट्ट भरलेल्या पखालीसारखं दिसे. वळायचं म्हटलं तर आधी डोकं वळे, मग जरा वेळ जाई, मग बाकीचं वळे. झोपेत ते कण्हत असे. सर त्याला 'पाठांतर' म्हणत.

दुसऱ्या रविवारी काटा बराच हलला. सीझरपेक्षा कमी, पण हलला. सरांनी मोंढ्यातच पेढे वाटले. (गुणवंतालाही दिला.) आणि संध्याकाळी छाती पुढं काढून मंजुश्रीला फोन लावला.

"प्रगती समाधानकारक आहे."

"खातंय का नीट, अप्पा?"

"खातंय? डिस्टिंक्शन!"

"मधूनच तोंड फिरवतंय का?"

"फिरवतंय की. मग आम्ही त्या बाजूनं जातो."

"अप्पा!" असा काहीतरी आवाज पलीकडून आला. पण सरांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. त्यांनी फोन ठेवला.

पुढचं सांगायला आनंद वाटत नाही, पण अहवाल पूर्ण असावा लागतो. त्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी घंटा वाजली आणि रँकर आला नाही.

तो ओसरीच्या कोपऱ्यात आडवा होता. आदल्या दिवसापासून निगेटिव्ह मार्किंग दोन्ही बाजूंनी चालू होतं. त्यानं डोळे उघडले, घंटेकडं बघितलं आणि मिटले. शेपटी जमिनीवर एकदा आपटली, तीही सवयीनं.

"बाळ्या!" शिवकांताबाईंनी हंबरडा फोडला, आणि पाच मिनिटांत ओसरी भरली.

उपाय पुष्कळ निघाले. मलप्पा म्हणाला, ओव्याचं पाणी द्या. हणमंतराव म्हणाले, सीझरचं हैदराबादी खाणं भिजवून देऊ, ताकद येईल. सरजाबाई म्हणाली दृष्ट लागलीय, मिरच्या ओवाळा, आणि मग वाटीभर दहीभात भरवा. कुणी हिंग आणला, कुणी ताक. या सगळ्या उपायांत एक समान सूत्र होतं. ते सगळे तोंडानं घ्यायचे होते.

सरांनी बदामाचं दूध वाटीत ओतलं आणि त्याच्या नाकापाशी धरलं. "एवढं एक सत्र. बाकीची आज रद्द. चल."

पिलानं तोंड फिरवलं.

सर उठून त्या बाजूला गेले. पिलानं तोंड पुन्हा इकडं केलं. सर पुन्हा इकडं आले. तेव्हा त्यानं मान उचलायचा नाद सोडला आणि नुसतं खालून वर सरांकडं बघितलं. ही नजर सरांच्या ओळखीची होती. पत्र्याच्या शेडात, मार्च-एप्रिलच्या दुपारी, मागच्या बाकांवरून ती पुष्कळदा त्यांच्याकडं यायची. तिला ते आजवर 'एकाग्रता' म्हणत आले होते.

त्यांनी वाटी खाली ठेवली, फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेले.

"मंजू, एक तात्त्विक प्रश्न होता. समज, एका ओळखीच्यांचं पिलू आहे..."

"निघाले," मंजुश्री म्हणाली.

नांदेडहून लोह्यामार्गे येणारी गाडी दुपारी लागली. तिनं खांद्याची पिशवी उतरवली, कुणाशी न बोलता पिलाचं पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या, ताप बघितला. मग विचारलं, "काय काय दिलं?"

या प्रश्नावर प्रत्येकानं आपापल्यापुरता जबाब दिला. शिवकांताबाईंनी भाकरी आणि वरण कबूल केलं. मलप्पानं साय. सरजाबाईनं 'दोन औषधं' म्हटल्यावर शिवकांताबाईंनी फाटकाकडं बघितलं. सरांनी 'आणि माझं एक' म्हटल्यावर सरांकडं. हणमंतराव म्हणाले, आपलं काही नाही, फक्त कधीमधी भिंतीवरून. जबाब चालू असताना मंजुश्रीचा चेहरा हळूहळू, खोल विहिरीत वाकून बघावं तसा होत गेला.

तिनं पिलाला सलाईन लावलं, एक सुई दिली आणि हात धुवून म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत ह्याला काही द्यायचं न्हाई. पाणी मी देते, चमच्यानं."

"काही म्हणजे?" सरांनी विचारलं.

"काही म्हंजे काही."

"पण औषध म्हणून तरी..."

"हेच औषध हाय, अप्पा."

अहमदपूरच्या वैद्यकीय इतिहासात 'काही नाही' हे औषध याआधी कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते कोणत्या दुकानात मिळतं, कोमट द्यायचं की गार, जेवणाआधी की नंतर, याची कुणालाच माहिती नव्हती. इंजेक्शन टोचताना गल्ली शांत उभी होती. पण एक जीव समोर आहे आणि त्याला आपण काहीच भरवायचं नाही, हे ऐकून दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी पथ्य पाळलं, म्हणजे आपापल्या घरी बसून. मग पहिला मलप्पा आला. त्याच्या टॉवेलाखाली ताकाची बाटली होती. "ह्याला खानं म्हंत न्हाईत, ताई. पातळ हाय, दिसत बी न्हाई." त्याच्यामागून हणमंतराव, खिशात हैदराबादी दाणे. सरजाबाई तर मुळात औषधच घेऊन आली होती. शेवटी मंजुश्रीनं पिलाला मांडीवर घेतलं, दार लोटून घेतलं आणि ज्यानं त्यानं आणलेला माल बाहेरच्या ओट्यावर ठेवायला सांगितला. ओट्यावरच्या त्या मालात एक लहानसं लग्न निघालं असतं.

सर दारापाशी आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं.

"मूठ उघडा, अप्पा."

मुठीत पेढा होता. "नुसता वास द्यायला," सर म्हणाले.

"ठेवा तिकडं."

रविवारी उन्हं ओसरीवर आली तेव्हा पिलू उठून बसलं होतं. पोट उतरलं होतं आणि पाय पुन्हा पोटाच्या पुढं आले होते. त्यानं मंजुश्रीची चप्पल तोंडात धरली आणि ती दुश्मन असल्यासारखी झटकली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मंजुश्रीनं लहान वाटीत मऊ शिजवलेला भात कालवला आणि खाली ठेवला.

पिलानं खाल्लं. भराभर नाही, घाबरून नाही. मधे एकदा थांबून एका माशीकडं बघितलं, पुन्हा खाल्लं. मग तोंड पुसल्यासारखं जमिनीला घासलं आणि बाजूला जाऊन बसलं.

वाटीत दोन घास राहिले होते.

ओसरीवर अशी शांतता पसरली की शेजारी सीझर जांभई देतो तीही ऐकू आली. सगळे त्या दोन घासांकडं बघत होते.

"मंजू," शिवकांताबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे ना गं ह्याला इथंच. तुझ्या अप्पांना बी... घर खायला उठतंय बघ."

"राहू दे की," मंजुश्री म्हणाली. "पण मग ती वाटी अप्पांनी उचलायची. आत्ता. न्हाई तर दुपारच्या गाडीनं मी ह्याला घेऊन जाते."

सरांनी वाटीकडं बघितलं. आयुष्यात त्यांनी भाग अर्धवट सोडलेला नव्हता. जो भाग सोडला त्याच्यावरच प्रश्न येतो, हे ते पोरांना सांगत आले होते. त्यांनी हात पुढं केला आणि तो वाटीकडं न जाता पिलाकडं गेला.

"अप्पा."

"अगं, दोन घास म्हणजे थोडे नसतात," सर कळवळून म्हणाले. "दोन-दोन मार्कांनी आयुष्यं जातात. तुझंच बघ. थोडक्यात हुकलं."

"हुकलं न्हाई, अप्पा." मंजुश्री पिलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "मला मार्क कमी पडले न्हाईत. पुरले. मला जनावरांचंच करायचं होतं. त्याच्यापुरते मार्क झाले असं वाटलं तेव्हा उत्तरपत्रिकेतले शेवटचे गोल मी काळे केलेच न्हाईत. येत होते. तरी केले न्हाईत. पेन ठेवला आणि खिडकीतनं बघत बसले. पोट भरलं होतं."

लातूर जिल्ह्यात असं वाक्य उघड्यावर, दिवसाढवळ्या, साक्षीदारांसमोर याआधी उच्चारलं गेल्याची नोंद नाही. हणमंतरावांनी भिंतीचा आधार घेतला. मलप्पाच्या तोंडातला पेढा जिथं होता तिथं थांबला. शिवकांताबाई मात्र लेकीकडं बघून हसल्या, जणू त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं होतं.

कुणी म्हणतं सरांचे डोळे भरून आले, कुणी म्हणतं ते मनातल्या मनात गोल मोजत होते. मग ते गुडघ्यावर हात टेकून वाकले. पिलू त्यांच्याकडं बघत होतं. सरांनी दोन घासांसकट वाटी उचलली, दोन्ही हातांनी, काठोकाठ भरली असावी तशी जपून, आणि मोरीकडं नेली. वाटेत ते एकदाही वळले नाहीत. पिलानं जांभई दिली, स्वतःभोवती एक फेरी मारली आणि सरांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं. सर परत येऊन त्याच्याजवळ अनवाणी उभे राहिले.

तर पिलू अहमदपुरातच आहे. चार वेळा खातं, पोट भरलं की तोंड फिरवतं, आणि तेव्हा कुणी त्या बाजूनं जात नाही. मंजुश्री सोमवारी अर्धापूरला गेली. म्हशी वाट बघत होत्या.

इथं अहवाल संपतो. वाचकांपैकी काहींच्या मनात या ठिकाणी एक रास्त प्रश्न उभा राहिला असेल: बाकी सगळं ठीक आहे, पण पोरीनं ते शेवटचे गोल भरले असते, तर तिला एकूण पडले किती असते?

ज्यांच्या मनात हा प्रश्न आला, त्यांनी कृपया कुत्र्याचं पिलू पाळू नये. (घरात मूल असेल, तर त्याला आता इलाज नाही.)